टेरेन्सची पट्टी

आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणाशी नव्यानं ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काकू, तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात ना? डॉक्टर?" नाही म्हटलं की, "मग नर्स?" तेही नाही म्हटलं की समोरचा माणूस हळूच जेवणाच्या रांगेकडे सरकतो. मी व्हॉइस थेरपिस्ट होते. शिकागोतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात, कान-नाक-घशाच्या विभागाला लागून आमची छोटीशी खोली होती. बसलेले, चिरकलेले, फाटलेले आवाज पुन्हा वळणावर आणणं हे माझं काम. सकाळी नेपरव्हिलच्या उपनगरातून ट्रेन पकडायची, दिवसभर लोकांचे गळे ऐकायचे आणि संध्याकाळच्या ट्रेननं घरी यायचं, यात जन्म गेला. तक्रार नाही. आता निवृत्त झाल्यावर ती खोली फार आठवते. खिडकीतून तळ्याची एक निळी रेघ दिसायची, आणि कोपऱ्यात एक जुना कीबोर्ड होता, ज्याचा वरचा सा कायम अडकायचा.

काम समजावून सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आपल्या गळ्यात स्वरतंतूंचे दोन नाजूक पडदे असतात. श्वास बाहेर येताना ते एकमेकांवर टाळी वाजवल्यासारखे आपटतात, डोळ्याचं पातं लवायच्या आत कितीतरी वेळा. टाळी हलकी वाजली की आवाज मोकळा. जोर लावून वाजवत राहिलं तर तळहाताला पडतात तसे तिथेही घट्टे पडतात. मग पडदे नीट मिटत नाहीत, मधून हवा निसटते आणि आवाज घोगरा होतो. बहुतेकदा कापाकापी लागत नाही. टाळी कशी वाजवायची ते नव्यानं शिकवावं लागतं, एवढंच.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुनेदार. इंडियानातला एक गृहस्थ गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा. त्याला मी नाव विचारलं तर तेही त्यानं चढत्या भाजणीत सांगितलं. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या, म्हणजे आपल्या देशी दुकानांच्या रस्त्यावरच्या, एका मिठाईवाल्याला मी पंधरा दिवस मौन सांगितलं, तर त्यानं गळ्यात शिट्टी अडकवली. एक शिट्टी म्हणजे जिलबी, दोन म्हणजे समोसे. त्याचा गळा बरा झाला, पण दुकानातला आचारी नोकरी सोडून गेला.

आपल्याकडे गाणं शिकायला गेलेल्या मुलीला गुरुजी पहिल्यांदा विचारतात, तुझी पट्टी कोणती? काळी चार, पांढरी पाच, जी असेल ती. त्या पट्टीत गायलं तर गळा दमत नाही. बोलण्याचीही अशी पट्टी असते, हे मात्र कुणी सांगत नाही. पुष्कळ लोक जन्मभर दुसऱ्याच्या पट्टीत बोलत राहतात. मोठ्या कंपनीतल्या बायका आवाज खाली ओढून बोलतात, नाहीतर मीटिंगमध्ये कुणी ऐकत नाही. टेरेन्स नावाचा माझा एक पेशंटही खाली ओढून बोलायचा, पण त्याची गोष्ट वेगळी होती. तीच सांगायला बसले आहे. त्याला विचारून सांगते आहे. नावं तेवढी बदलली आहेत.

टेरेन्स आमच्याकडे आला तो एका हिवाळ्यात. उंच, रुंद खांद्यांचा, तिशीतला कृष्णवर्णीय तरुण. शहराच्या साऊथ साइडचा. आपल्या मंडळींत साऊथ साइड म्हटलं की गाडीचे दरवाजे लॉक होतात, तो भाग. तो रॅप करायचा आणि त्याचं बऱ्यापैकी नाव होतं. स्टेजवरचं नाव इथे देत नाही. एका कठीण दगडाचं होतं. ज्यांनी रॅप ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, हे आपल्या अर्थानं गाणं नव्हे. ठेक्यावर धरून बोलणं असतं, यमकावर यमक, दमावर दम. त्याची कीर्ती त्याच्या आवाजासाठी होती. खर्जातला, छातीतून येणारा, दरडावणारा आवाज. त्याच्या आधीच्या दोन कार्यक्रमांत तो आवाज मधेच फाटला होता. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, तर दोन्ही पडद्यांवर घट्टे. त्यांनी सांगितलं, उन्हाळ्यापर्यंत थेरपीनं उतरले तर ठीक, नाहीतर ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतर हाच आवाज मिळेल अशी हमी नाही. उन्हाळ्यात त्याची नवी रेकॉर्ड यायची होती.

त्याच्याबरोबर रे नावाचा मित्र होता. लहानपणापासूनचा. दोघं मिळून कार्यक्रम करायचे. मी प्रश्न टेरेन्सला विचारायची आणि उत्तर रे द्यायचा.

"पाणी किती पितोस?"

"भरपूर पितो," रे म्हणाला.

"दुखतं कुठे?"

"दुखत नाही त्याला. थोडा ताण आहे, बस. पहिल्यासारखा आवाज आला पाहिजे, मॅडम. लोक त्याच आवाजासाठी येतात."

शेवटी मी रेला बाहेर कॉफी प्यायला पाठवलं. दार लागल्यावर टेरेन्स किंचित हसला. "थँक यू, मिस के," म्हणाला. खेडकर कुणालाच म्हणता यायचं नाही, म्हणून सगळ्यांची मी मिस के. इंग्रजीत तू-तुम्ही नसतं, पण त्याच्या बोलण्यात पहिल्या दिवसापासून 'तुम्ही' होतं. वाढवणाऱ्या बाईनं चांगलं वळण लावलं असणार, असं मनात आलं. ते खरंच निघालं. आई लहानपणी गेली होती. मावशीनं वाढवलं होतं, चर्चच्या गायनवृंदाची पुढारी असलेल्या मिस डोरोथीनं.

आम्ही कामाला लागलो. पेल्यात पाणी घेऊन नळीतून बुडबुडे काढत सूर धरायचा, हा आमचा पहिला व्यायाम. पडद्यांना त्यानं आराम मिळतो. एवढा धिप्पाड माणूस लहान मुलासारखा पेल्यात बुडबुडे काढायला लागला आणि हसत सुटला. "माझ्या चाहत्यांनी हे पाहिलं तर संपलो," म्हणाला. मन लावून करायचा. खोलीत असेपर्यंत आवाज सुटायचा, पण पुढच्या भेटीला येताना पुन्हा तोच दाबलेला खर्ज घेऊन यायचा. आठवड्यामागून आठवडे गेले. घट्टे हलेनात. कुठून काय चुकतं आहे, मला कळेना.

आणि एक दिवस कळलं. बाहेर बर्फ पडत होतं, आधीच्या पेशंटला उशीर झाला होता. मी टेरेन्सला बोलवायला कॉरिडॉरमध्ये गेले. तो खिडकीशी पाठमोरा उभा राहून फोनवर बोलत होता. आधी मला वाटलं, दुसराच कुणी आहे. आवाज कितीतरी वर होता, मध्यातला. पाण्यासारखा वाहत होता. मधेच तो हसला, आणि त्या हसण्यात कुठे गाठ नव्हती. घट्टे असलेला गळासुद्धा आपल्या पट्टीत किती सुरेल लागतो, हे त्या दिवशी ऐकलं. इतके दिवस शोधत होते ते सापडल्याचा मला एवढा आनंद झाला की मी तिथूनच म्हणाले, "हाच! टेरेन्स, हाच तुझा आवाज!"

तो गर्रकन वळला. फोन बंद केला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी राग समजले. नंतर बराच विचार केल्यावर कळलं, ती भीती होती.

"चुकून ऐकलंत तुम्ही," तो म्हणाला. पुन्हा खर्जात. कोट उचलला आणि निघून गेला. पुढच्या भेटीला आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

त्याच दिवसांत एकदा माझी मुलगी ईशा मला स्टेशनवर घ्यायला आली होती. गाडीत तिचं काहीतरी लावलेलं होतं. मी ओळखलं. त्याचाच आवाज.

"हे कोण गं?" मी साळसूदपणे विचारलं.

"आई, यू वोन्ट लाइक इट. रॅप आहे."

"असू दे, लाव."

पेशंटचं नाव मी घरात कधीही घेतलं नव्हतं, त्यामुळे ईशाला काही सांगायचा प्रश्नच नव्हता. मी ऐकलं. मारामाऱ्या, शत्रूला दिलेल्या धमक्या, मागे लागलेल्या बायका, आणि दर चार ओळींनी आपण किती मर्द आहोत त्याची ग्वाही. शब्दांची कारागिरी थक्क करणारी होती. पण माझ्या कानाला एका माणसाचा गळा आवळलेला ऐकू येत होता. ओळ संपता संपता दम पुरत नव्हता आणि तो रेटून नेत होता.

"हाऊ डू यू लाइक इट?" ईशानं विचारलं.

"दमलाय बिचारा," मी म्हणाले. ती हसून हसून बेजार झाली. त्या गायकाला आयुष्यात कुणी बिचारा म्हटलं नसेल, म्हणाली.

तो परत आला तेव्हा बर्फ वितळायला लागलं होतं. एकटाच आला होता. हूड काढून समोर बसला.

"मिस के, तुम्ही त्या दिवशी जो आवाज ऐकलात ना, त्या आवाजासाठी मी मार खाल्लाय."

मग त्यानं सांगितलं. लहानपणी तो मावशीच्या चर्चमध्ये गायचा. बाकी मुलांचे आवाज फुटले तरी याचा तसाच वर राहिला. मावशीला त्याचा अभिमान. शाळेत मात्र मुलं त्याच्या बोलण्याची नक्कल करायची. हातवारे करून, माना वेळावून. "मी कोण आहे हे मला कळायच्या आधी त्यांना कळलं होतं," तो म्हणाला. एकदा बसस्टॉपवर त्याला घेरलं आणि एक बरगडी मोडेपर्यंत मारलं. मावशीला त्यानं सांगितलं, जिन्यावरून पडलो. त्यानंतर तो बाथरूममध्ये नळ सोडून खालच्या आवाजात बोलायचा सराव करायला लागला. चालणं बदललं, बसणं बदललं. पुढे त्याच आवाजात रॅप करायला लागला आणि ज्यांनी मारलं होतं त्यांचे धाकटे भाऊ त्याच्या कार्यक्रमांना यायला लागले.

"या आवाजानं मला जिवंत ठेवलंय," तो म्हणाला. "आणि तुम्ही म्हणताय, तो सोड."

 

"सोड म्हणत नाही मी," मी म्हणाले. "पण माणूस चोवीस तास चिलखत घालून झोपू शकत नाही. काढून ठेवायला जागा हवी. त्या दिवशी तू फोनवर ज्याच्याशी बोलत होतास, ती तशी जागा दिसते."

 तो अगदी हळू म्हणाला, "त्याचं नाव आंद्रे."

"काय करतो?"

"सिटी बस चालवतो. डेव्हन ॲव्हेन्यूला."

"अरे वा," मी म्हणाले. "मग आजचा अभ्यास सोपा आहे. रोज आंद्रेशी बोलायचं. आणि बोलताना आपला गळा कुठे आहे त्याकडे लक्ष ठेवायचं."

त्यानं डोळे पुसले आणि हसला. मला आठवतं, त्या क्षणी त्याच्या तोंडून "हं-हं" असा होकार आला. आमच्या धंद्यात तो होकार फार मोलाचा. माणूस विचार न करता हुंकार देतो तेव्हा तो आपोआप स्वतःच्या पट्टीत लागतो.

नंतर काही भेटींना आंद्रेही यायला लागला. बुटका, गोलमटोल, बडबड्या. डेव्हनवरच्या आपल्या बायका बसमधून उतरताना त्याच्या हातावर काही ना काही ठेवायच्या. त्याला ढोकळा आणि खांडवीतला फरक कळत होता. एकदा माझ्यासाठी जिलब्यांचा खोका घेऊन आला. "मिस के, तुमचे लोक हे सकाळी खातात की संध्याकाळी?" मी म्हटलं, बाबा, ज्या वेळी मिळेल त्या वेळी.

एका दुपारी मी टेरेन्सला म्हटलं, तुझं एक कडवं या आवाजात म्हण. रेकॉर्ड करू. फार आढेवेढे घेऊन त्यानं म्हटलं. आणि मी चाटच पडले. दम पुरत होता. ज्या ओळींना तो धापा टाकायचा त्या एका श्वासात पार होत होत्या. प्रत्येक शब्द सुट्या मोत्यासारखा. पण परत ऐकवल्यावर त्यानं कान झाकले.

"बंद करा. हा तो मुलगा आहे. बसस्टॉपवरचा."

आंद्रेनं त्याचे हात कानांवरून काढले. "हा तो माणूस आहे जो सकाळी मला विचारतो, अंडी कशी हवीत," तो म्हणाला. "मी याला रोज ऐकतो. मला काही वाईट दिसत नाही याच्यात."

टेरेन्सनं पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. त्या दिवशी त्याची वेळ संपून पुढचा पेशंट आला, त्याला मी थांबवून ठेवलं.

वसंतात दुर्बिणीनं पाहिलं तेव्हा घट्टे अर्ध्याहून कमी झाले होते. आणि त्याच सुमारास रे माझ्या खोलीत आला. दार न ठोठावता.

"काय करताय तुम्ही त्याचं?" तो म्हणाला. "रेकॉर्डिंगला येतो आणि बायकी आवाजात म्हणतो. काय शिकवताय?"

"रे, मी कुठल्याही पेशंटबद्दल एक शब्द बोलू शकत नाही."

"मग ऐका. तो कसा आहे ते मला आठवीपासून माहीत आहे. मी कधी काही बोललो? बसस्टॉपवर त्याला कुणी उचललं? मी. त्याच्या पुढे कायम कोण चाललं? मी." रेचा आवाज चढत गेला आणि मग एकदम खाली आला. "ही दुनिया तुम्हाला माहीत नाही, मॅडम. आमच्यात आवाज म्हणजे छाती. ती उघडी पडली की गोळी लागते. तुम्ही संध्याकाळी ट्रेन पकडून घरी जाणार."

तो निघून गेला. त्याचं शेवटचं वाक्य खोटं नव्हतं. मला पहिल्यापासून रे आवडला नव्हता. त्या दिवसानंतर त्याच्याबद्दल तसं वाटलं नाही. पण त्यानं टेरेन्सची साथ सोडली. दोघांचा एकत्र कार्यक्रम तिथेच थांबला, आणि नव्या रेकॉर्डचं कामही कंपनीनं लांबणीवर टाकलं.

उन्हाळ्यात टेरेन्सनं मला बोलावलं. साऊथ साइडच्या एका बागेत वस्तीचा उत्सव होता, दुपारी, उघड्यावर. तिथे तो गाणी म्हणणार होता. पेशंटच्या कार्यक्रमाला जायचा माझा रिवाज नव्हता, पण त्याची थेरपी तेव्हा संपली होती. श्रीकांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, म्हटलं, येतोस का. ईशाही आली. श्रीकांतनं आपल्या पिकनिकच्या सवयीनं घडीच्या खुर्च्या, थर्मास आणि चिवडा घेतला. मोठा रस्ता सोडून आत वळलो तेव्हा त्याचा हात दरवाज्याच्या लॉककडे गेलेला मी पाहिला. ईशानंही पाहिला. "बाबा, रिअली?" म्हणाली. त्यानं हात मागे घेतला.

बागेत जत्रा होती. मांस भाजल्याचा धूर, दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या मुली, झाडाखाली पत्ते खेळणारे म्हातारे. टेरेन्सनं स्टेजमागून मला पाहिलं आणि धावत येऊन मिठी मारली. ईशाचा आ वासला. ती माझ्याकडे असं बघत राहिली, जणू मी अचानक चिनी बोलायला लागले होते. "ही माझी गळ्याची टीचर," त्यानं ओळख करून दिली, आणि मग एका वयस्क बाईंकडे नेलं. मोठी जांभळी हॅट, पांढरे शुभ्र कपडे, ताठ बसणं. मिस डोरोथी. त्यांच्या दोन्ही बाजूंना गायनवृंदातल्या बायका. त्यांनी आम्हाला शेजारी बसवून घेतलं. श्रीकांतचा चिवडा रांगेत फिरला आणि संपला.

आंद्रे बराच मागे, एका झाडाला टेकून उभा होता. मावशींशी त्याची ओळख 'मित्र' म्हणून होती.

टेरेन्सनं सुरुवातीला जुनी गाणी म्हटली, जुन्या आवाजात. लोक बरोबर ओरडत होते. तिसऱ्या गाण्यात आवाज करकरला.  त्यानं गाणं थांबवलं, पाणी प्यायलं आणि माइकमध्ये म्हणाला, "हा आवाज मला झेपत नाही. कधीच झेपत नव्हता. आता माझ्या आवाजात ऐका."

आणि त्यानं नवीन सुरू केलं. मध्यात, मोकळं. एका माणसाबद्दल होतं. पहाटे उठून बस काढणारा, थंडीत म्हाताऱ्यांसाठी स्टॉपपासून पुढे येऊन थांबणारा, घरी आल्यावर पाय चोळून मागणारा. लोकांना आधी वाटलं, बापाबद्दल आहे. मग एक ओळ आली, त्यात तो उशीवर शेजारी होता. ती ओळ त्यानं झाकली नाही, घाईही केली नाही.

गर्दी गप्प झाली. स्टेजपाशी तरुण पोरांचं टोळकं होतं, त्यातून एक शिवी आली. दोघंतिघं पाठ फिरवून चालायला लागले. कुणीतरी नक्कल केल्यासारखं हसलं. मी टेरेन्सच्या गळ्याकडे बघत होते. तिथली शीर टरारली. आता हा खाली जाणार, मला वाटलं, जुन्या आवाजात जाणार.

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला.

"सांग, बाळा!"

मिस डोरोथी. त्यांच्या चर्चमध्ये पाद्री बोलायला लागला की लोक त्याला असा प्रतिसाद देतात, आपल्या कीर्तनात बुवांना द्यावा तसा. त्या बसल्या जागेवरूनच बोलल्या होत्या, पण सगळ्या बागेला ऐकू गेलं. चाळीस वर्षं वृंद चालवलेला गळा तो. टेरेन्सनं पुढची ओळ म्हटली. "हो! सांग!" त्या म्हणाल्या. पलीकडची बाई म्हणाली, "खरं आहे!" मग तिच्या पलीकडची. ओळीमागून ओळ जात राहिली आणि प्रत्येक ओळीला त्या बायका उत्तर देत राहिल्या. पत्ते खेळणाऱ्यांपैकी एका म्हाताऱ्यानं पत्ते खाली ठेवून ठेका धरला. सगळी बाग काही त्याच्या बाजूनं झाली नाही. पण गाणं शेवटपर्यंत गेलं.

नंतर मी मिस डोरोथींना म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"तो सात वर्षांचा असल्यापासून," त्या म्हणाल्या. "मी वाट बघत होते, हा सांगेल. तो वाट बघत होता, मी विचारेन. दोघंही हट्टी." त्यांनी हॅट सारखी केली. "मी देवाला काय तोंड दाखवू, असं पुष्कळ वर्षं वाटायचं. आता वाटतं, देवानंच तर तो गळा दिला. त्याला काय मी सांगणार?" मग मागे वळून, झाडाकडे बोट करून म्हणाल्या, "त्या मुलाला बोलाव. काही खाल्लं नसेल त्यानं."

परत येताना गाडीत ईशानं विचारलं, "आई, त्या दिवशी गाडीत... यू न्यू? तो गातोय हे तुला माहीत होतं?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. ती समजली.

टेरेन्सचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. मोठी कंपनी परत आली नाही. काही ठिकाणची आमंत्रणं बंद झाली, आणि काही दिवस त्याला बरंच वाईटसाईट ऐकून घ्यावं लागलं. त्यानं एका छोट्या कंपनीकडून रेकॉर्ड काढली. ती पूर्वीएवढी गाजली नाही. पण त्याला लांबलांबून पत्रं यायला लागली, मुलांची, जी नळ सोडून बोलण्याचा सराव करत होती. घट्टे गेले. ऑपरेशन लागलं नाही. आंद्रे आणि तो एकत्र राहायला लागले, मिस डोरोथींच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. दर रविवारी दुपारी त्या दोघांना जेवायला बोलवायच्या आणि आंद्रेच्या वजनाची काळजी करत त्याला तिसऱ्यांदा वाढायच्या.

मी निवृत्त झाले त्या वर्षी हिवाळ्यात मिस डोरोथी गेल्या. टेरेन्सचा फोन आला. मी आणि श्रीकांत चर्चमध्ये गेलो ते उशिराच. खचाखच भरलं होतं. मागच्या भिंतीशी जागा मिळाली, तर शेजारी आंद्रे. काळा सूट, हातात टोपी.

"तू इथे?" मी कुजबुजले.

"पुढची रांग घरच्यांची असते, मिस के," तो म्हणाला. "चर्चचे लोक आहेत. उगाच मिस डोरोथींच्या दिवशी कुणाला खुपायला नको."

पुढे टेरेन्स गायला उभा राहिला होता. रॅप नव्हे, लहानपणी मावशीनं शिकवलेलं चर्चमधलं गाणं. पियानोवाल्यानं सुरुवातीचे सूर वाजवले, पण तो गायला लागेना. माणसांतून कुणालातरी शोधत होता. पियानोवाल्यानं तेच सूर पुन्हा घेतले.

मधल्या वाटेवरून पांढरे हातमोजे घातलेली एक अगदी म्हातारी बाई आमच्याकडे चालत आली. त्यांच्या चर्चमध्ये लोकांना जागेवर बसवायचं काम अशा बायकांकडे असतं. बागेत त्या दिवशी "खरं आहे" म्हणाली होती तीच ही. ती आंद्रेसमोर येऊन थांबली.

"इथे काय करतोस?" ती म्हणाली. "घरच्या माणसांनी मागे उभं राहायचं नसतं."

तिनं त्याच्या कोपराला धरलं आणि सगळ्या चर्चच्या देखत, सावकाश, त्याला पुढे घेऊन गेली. पहिल्या रांगेत खांदा द्यायला आलेले पुरुष बसले होते. त्यांच्यात रे होता. त्यानं आंद्रेकडे पाहिलं. मग तो सरकला आणि आपल्या शेजारी जागा केली.

आंद्रे बसला. टेरेन्सनं पियानोवाल्याकडे बघून मान हलवली आणि वरच्या पट्टीत सूर लावला.